पाणघोड्याचे पाय

मी, कमळ धाकू तारमळे, वय वर्षे चौपन्न, अविवाहित, पूर्वीचा धंदा शहापुरात टायपिंग शिकवणे व एका साप्ताहिकात लोकांना चिमटे काढणे, सध्याचा धंदा काही नाही, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी डोक्यापेक्षा मनगटच जास्त तपासलं, पण शिक्का खरा आहे. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असंही लिहायची पद्धत आहे. कोणाच्या म्हणजे माणसाच्या, असा अर्थ घेतला तर ते खरं आहे.

उजवं मनगट प्लास्टरमध्ये असल्यामुळे हा मजकूर डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षरावरून पुढे कोणी वाद काढू नये. वाद काढायला याहून चांगल्या जागा पुढे येतील.

कलम १. शहापूर बाजारपेठेतली टायपिंग क्लासची खोली माझ्या स्वकष्टाची आहे. ती माझी वहिनी, म्हणजे माझा थोरला भाऊ कै. कुंडलिक याची बायको रुपा, हिला मिळावी. मात्र एका अटीवर. अट कलम ७ मध्ये आहे. वहिनीने आधी तेच कलम वाचलं असणार, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

कलम २. बँकेत जे काही आहे ते दादा-वहिनीचा मुलगा, माझा भाचा स्वरूप आणि त्याची बायको कुणाली यांना ज्येष्ठात जे मूल होणार आहे त्याच्या शिक्षणाला लावावं. शिक्षण कोणतंही चालेल, दातांचं सोडून.

कलम ३. टायपिंगची मशीनं ज्याला हवी त्याने न्यावीत. भंगारवाल्याला ती नेहमीच हवी असतात. ज्या साप्ताहिकाच्या संपादकांनी इतकी वर्षं माझ्या लेखाची शेवटची ओळ जागेअभावी कापली, त्यांना माझ्या मृत्यूची बातमी कळवावी, पण शेवटची ओळ कापून.

कलम ४. आता प्राणी.

माझे वडील धाकू तारमळे मालवाहू जहाजावर भंडारी होते. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. भात लावायचा सोडून भात शिजवायला समुद्रावर गेलेला आमच्या आळीतला तो एकच माणूस. मिसर देशात कालव्याच्या तोंडाशी जहाज थांबलं की चहूबाजूंनी होड्या येऊन लागत आणि त्यातले विक्रेते वाटेल ते विकत. अशाच एका म्हाताऱ्याकडून बाबांनी मसाल्याचा डबा देऊन पाच प्राणी घेतले. निळ्या-हिरव्या झिलईचे. चार नखाएवढे, दोऱ्यात ओवायला भोक असलेले. पाचवा मुठीएवढा. तिकडचे जुने लोक असे ताईत मेलेल्याच्या अंगावर, गुंडाळलेल्या कापडाच्या घड्यांत ठेवायचे, पुढच्या वाटेवर सोबत म्हणून.

ते खरे की कारखान्यात भाजलेले, हे मला ठाऊक नाही. खरे असतील तर घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. खोटे असतील तर माझी भीती कशातच बसत नाही. म्हणजे मी गुन्हेगार तरी आहे नाहीतर मूर्ख तरी. दोन्हींपैकी काय ते मी गेल्यावर ठरवावं, माझ्यासमोर नको.

वाटणी अशी. बेडूक कुणालीला. तो बाळंतपण सुखरूप पार पाडतो, असं तिकडे मानत. त्याला जिवाची भीती घालायची सवय नाही, म्हणून देते. मांजर आमच्या आळीतल्या वाचनालयाला. तिथल्या उंदरांनी कथा-कादंबऱ्या सोडून माझ्याच लेखांच्या फायली खाल्ल्या, ही त्यांची रसिकता असली तरी आता आवर घालावा. ससाणा वरच्या संपादकांना. तोही उंच बसून सगळं बघतो आणि काहीच करत नाही.

शेणकिडा मात्र माझा. तो माझ्या छातीवर ठेवून मला जाळावं. मेल्यानंतर काळजाची झडती होते आणि काळीज मालकाविरुद्ध साक्ष देतं, अशी तिकडची समजूत. शेणकिडा काळजाला गप्प बसवतो. माझं काळीज आयुष्यभर फार बोलत आलं आहे. त्याला गप्प करणारं कोणी असेल तर बरं.

कलम ५. पाचवा, मुठीएवढा, तो पाणघोडा. हे कलम लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी आपली खोली घेऊन जावी.

बाबांनी तो आणला तेव्हा त्याला पाय नव्हते. चारही पाय बुंध्याशी मोडलेले. लहानपणी मी विचारलं होतं की तुटका का घेतला, तेव्हा बाबांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "कमळे, तुटला नाय, मुद्दाम मोडलाय. तिकडं नदीत ह्यो जनावर मानसं फाडतो. मेलेल्याच्या संगतीला ठेवायचा तं आधी पांगळा करतात. ह्येला पाय आलं तं ह्यो पान्याकडं जानार. आनि एकटा नाय जानार."

पुढे मोठी झाल्यावर मी पुस्तकांत शोधलं. विक्रेता दुसरं काहीही खोटं बोलला असेल, हे खोटं बोलला नव्हता.

बाबांनी तो शेवटपर्यंत तांदळाच्या कणगीत कोरड्या फडक्यात बांधून ठेवला. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. आम्ही हसायचो. बाबा वारले, कणगी उपसली, आणि फडकं वहिनीच्या हाती लागलं. सासऱ्यांनी जन्मभर जपलेली वस्तू, तिची जागा देवाऱ्यात, पूर्वजांच्या टाकांशेजारी, असं तिने ठरवलं. वहिनीचं माहेर धसईचं. तिकडच्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, खंडित वस्तू देवाऱ्यात चालत नाही. एक तर पाण्यात सोडा, नाहीतर पुरी करून घ्या. सासऱ्यांची आठवण पाण्यात कशी सोडायची? तेव्हा पुरी करायचं ठरलं. आमच्याकडे मोडक्या माणसाला घरात ठेवतात, मोडक्या देवाला नाही.

पुरी करणारा घरातच होता. स्वरूप मुरबाडला कृत्रिम दात बनवायच्या लॅबमध्ये कामाला आहे. हल्लीच्या महागड्या दाढा ज्या पांढऱ्या, दगडापेक्षा टणक मसाल्याच्या करतात, त्याचेच त्याने चार पाय घडवून चिकटवले. काम सुरेख झालं. निळं अंग आणि पांढरे पाय. जवळून पाहिलं तर चार दाढाच. गेल्या भाद्रपदात गौरी जेवल्या त्या दिवशी त्याला देवाऱ्यात बसवला आणि वहिनीने त्याला तांब्याभर पाण्याचा अभिषेक केला. बाबांची गोष्ट मी त्या दिवशीही सांगितली. कुंडलिकदादा म्हणाला, "कमळ, तुझा लेख झाला का सांगून? मंग जेवाया बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाऱ्यातला तांब्या कोरडा होता. तिसऱ्या दिवशीही. वहिनीने आळीभर सांगितलं की देव पाणी पितो. माझी मैत्रीण संघरत्ना प्राथमिक शाळेत शिकवते आणि बुद्धवंदना सोडून कशापुढेही हात जोडत नाही. ती म्हणाली, बाष्पीभवन, चौथीच्या पुस्तकात आहे. मी तिचं मानलं. मला मानायचंच होतं.

त्याच सुमारास कुणालीला दिवस गेले. लग्नाला इतकी वर्षं होऊन, डॉक्टर-वैद्य होऊन, नवस होऊन. वहिनीच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला. हा देव आहे, आणि त्याने दिलं आहे. मी तिला दोष देत नाही. दिलं असेलही. नदीवरच्या जनावराने काय द्यावं आणि काय न्यावं, याचा मी कधी अभ्यास केला नव्हता.

भातकापणीला शेतात गेलो तेव्हा उभं पीक आडवं झालेलं दिसलं. बैलगाडीच्या रुंदीचा पट्टा, भातसा नदीपासून थेट आमच्या मागच्या दारापर्यंत. सगळे म्हणाले, डुकरं. डुकरं जमीन उकरतात. इथे काही उकरलं नव्हतं, नुसतं दाबलं होतं. आणि पट्टा एकच होता. येण्याचा की जाण्याचा, ते मी विचारलं नाही.

कुंडलिकदादा पाण्याला भ्यायचा. विसर्जनाला गावाचे गणपती नदीत जात, दादा काठावर उभा राहून आरती म्हणायचा. पौषात एका दुपारी तो कुंपणाची तार ओढायला म्हणून निघाला आणि नदीच्या डोहात सापडला. त्याला वर काढला तो चंदरने. चंदर आमचा शेजारी, जन्मभर त्या डोहात जाळं टाकत आला आहे. दादाच्या चपला काठावर होत्या. देवळाबाहेर काढतात तशा, एकमेकींना जोडून. कुशीवर परातीएवढा काळानिळा डाग होता. अहवालात लिहिलं आहे की पडताना धोंड्यावर आदळला. चंदर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, डोहात धोंडा नाय. सगळा गाळ हाय. मी तिथं पोरपनापासून बुड्या मारतोय." तेव्हा धोंडा अहवालात आहे, डोहात नाही, एवढं इथे नोंदवून ठेवते.

कलम ६. पाणघोडा माझ्या मालकीचा कसा झाला, हे सांगणं भाग आहे, कारण मालकी हाच सगळा घोळ आहे.

बाबांच्या माघारी तो घरच्या कर्त्याचा झाला, म्हणजे दादाचा. दादा गेला. आता तो स्वरूपचा होणार होता, आणि स्वरूपच्या मागे अजून जन्माला न आलेल्या जिवाचा. त्या जनावराला वारसा कायदा कोणी शिकवला नसावा, पण तो चालतो त्याच वाटेने.

आमच्याकडे बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, तलाठ्यासमोर सही करायची आणि वर साडी घेऊन हसत घरी यायचं, अशी रीत आहे. बाबा गेल्यापासून मी सही केली नव्हती, यावरून वहिनी माझ्याशी सरळ बोलत नव्हती. दादाच्या तेराव्यानंतर मी म्हटलं, सही करते, साडी नको, देवाऱ्यातला पाणघोडा द्या. वहिनीने पुष्कळ विचार केला. एका बाजूला नातवाची जमीन, दुसऱ्या बाजूला नातू देणारा देव. शेवटी म्हणाली की घेऊन जा, पण त्याला उपाशी ठेवू नका. जमीन सोडून चिनीमातीचं डुक्कर घेणारी बाई म्हणून मी गावात प्रसिद्ध झाले. मागच्या पडवीत मला मरेपर्यंत राहायचा हक्क आहे. तिथे त्याला पुन्हा कोरड्या तांदळात पुरला. सकाळी तांदूळ भिजलेले होते.

माघ सरला तेव्हापासून माझ्या बाबतीत एक गोष्ट होते. मी भाजी आणायला निघते. पिशवी हातात, डोक्यात मिरच्या-कोथिंबीर. आणि भान येतं तेव्हा नदीवर असते. ऊन लख्ख, बायका लांब कपडे धूत असतात, आणि माझ्या चपला काठावर असतात. जोडून. मी चपला कधीच जोडून काढत नाही. आईने त्यासाठी मला फटके दिले आहेत.

तेव्हा मी वरवंटा घेतला. नेम चुकला नाही. वरवंटा त्याच्या पायांवर बसला आणि तसाच उलटा आला. मनगटाचं हाड मोडलं, दाढेला ओरखडाही नाही. स्वरूप प्लास्टर बघायला आला तेव्हा ओशाळून म्हणाला, "आत्या, ट्रक घातलास तरी नाय मोडायचे. जोडावर हिऱ्याचं चाक फिरवायला लागंल." मी म्हटलं, मग फिरव. तर म्हणाला, "आता नाय ना जमत."

आता का जमत नाही, हे परगावच्या वाचकासाठी लिहिते. बायको गरोदर असताना नवऱ्याने काही फोडायचं नाही, तोडायचं नाही. नारळसुद्धा दुसऱ्याकडून फोडून घ्यायचा. स्वरूप दिवसभर माणसांच्या तोंडाचे साचे कापतो. ते पोटासाठी, ते चालतं. देवाचे पाय कापणं चालत नाही. मी ह्या रीतीवर पूर्वी एक लेख लिहून लोकांना हसवलं होतं. आज मी त्याला आग्रह केला नाही.

कलम ७. वकिलांना मी तीन गोष्टी विचारल्या. पाणघोडा कोणालाच दिला नाही तर? तर जवळच्या वारसाला जाईल. कुंडलिकदादालाच दिला तर? मेलेल्याला दिलेलं फुकट जातं, फिरून जवळच्या वारसाला. परक्याला दिला तर? तर परक्याचा.

परका म्हणून कमळाकरचं नाव मी लिहिलं होतं. कमळाकर जमिनीचा दलाल. आमच्या वाटेवरची चिंच त्याने तोडली, प्लॉट पाडले, आणि वर मला म्हणाला की ताई, सावलीला काय करायचंय, पंखा घ्या. पाणघोड्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. आटगाव स्टेशनाबाहेर भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, अँटिक पीस हाय म्हनतात, मला द्या की. काचेच्या कपाटात ठेवीन, खाली लाइट सोडीन." इतकं आयतं सावज मला जन्मात मिळालं नव्हतं. त्याचं नाव लिहून मी दोन दिवस सुखाने झोपले. तिसऱ्या दिवशी त्याची नात दारावरून शाळेत जाताना मला "आज्जी" अशी हाक मारून गेली. मला आज्जी म्हटलेलं आवडत नाही. तरी नाव खोडलं. खोडलेलं दिसत असेल.

म्हणून पाणघोडा मी कोणालाही देत नाही. माझ्यापाशी तो संपला पाहिजे. मी गेल्यावर, मला तिरडीवर घ्यायच्या आधी, माझ्यासमोर, म्हणजे माझ्या देहासमोर, त्याचे चारही पाय कापावेत. कापणारी रुपावहिनी असावी, दुसरं कोणी नाही. पाणी तिने घातलं आहे. हिऱ्याचं चाक लावलेलं छोटं मशीन स्वरूप आणून ठेवील आणि आईला चालवायला शिकवील. सराव बाबांच्या जुन्या कवळीवर करावा. ते रागावणार नाहीत. पाय निघाले की धड माझ्या उशाला ठेवून जाळावं, पाय वेगळे, कोरड्या जागी पुरावेत. राख नदीत सोडू नये. हे दोनदा लिहिते. राख नदीत सोडू नये.

हे केलं तर शहापूरची खोली वहिनीची. न केलं तर खोली कमळाकरला. वहिनी, हे मी तुला चिडवायला लिहिलं आहे, आणि खरंही आहे.

कलम ८. हे कलम आज सकाळी वाढवलं.

सकाळी वहिनी पडवीत आली. बऱ्याच दिवसांत ती मागच्या बाजूला फिरकली नव्हती. मृत्युपत्राचं तिला स्वरूपने सांगितलं होतं आणि ती भांडायला आली होती. देवाला कोणी पांगळं करतं का, ज्याने नातू दिला त्याच्यावर चाक फिरवायचं का, हे सगळं ती दारातच सुरू करणार होती. पण तिची नजर उंबऱ्याबाहेर गेली. तिथे माझ्या चपला होत्या. नदीच्या गाळाने भरलेल्या, आणि जोडून ठेवलेल्या. मी त्या तशा ठेवल्या नव्हत्या. मी त्या काढल्याचंही मला आठवत नव्हतं.

दादाच्या चपला घरी आणल्या त्या वहिनीनेच आणल्या होत्या. ती खाली बसली. मग माझ्या चपला पदराने पुसायला लागली. नणंदेच्या चपला. तीस वर्षांत तिने माझा पेलाही विसळला नव्हता.

म्हणाली, "वन्स, पोर होऊंद्या. तवर थांबा. पोर झालं की मीच कापीन, तुमच्या देखत. चारी पाय कापीन."

मी विचारलं, "आणि तोवर मीच गेले तर?"

"तं तवाच कापीन. उचलायच्या आधी." मग डोळे न पुसता म्हणाली, "पन जाऊ नका ओ. तुमी गेलाव तं ह्यो आमच्याकडंच येनार."

आमच्यात इतकं प्रेमाचं बोलणं कधी झालं नव्हतं. तिने माझ्या चपला उचलल्या, पदराखाली घातल्या आणि पुढच्या घरात नेऊन कपाटात कुलूप लावून ठेवल्या. जाताना म्हणाली, "आता बघू कशा जाताव नदीवर." ज्येष्ठाला अजून अवकाश आहे. मी थांबायचा प्रयत्न करीन. वहिनीने नणंदेकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि मला तिचा शब्द मोडायचा नाही.

हे मृत्युपत्र मी लिहिलं, वाचलं, समजून घेतलं. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मला मरायची सवड नव्हती. खालच्या दोघांसमोर सही करते. दोघांनाही यात काही दिलेलं नाही. संघरत्नाला साक्षीला घेतलं कारण तिचा यातल्या कशावरही विश्वास नाही. चंदरला घेतलं कारण त्याने डोह पाहिला आहे.

ठिकाण : सापगाव, तालुका शहापूर
दिनांक : १७ एप्रिल २०२५, गुरुवार, दुपारी

सही (डाव्या हाताची) : कमळ धाकू तारमळे

कलम ७ मधली अट मला वाचून दाखवली. मान्य आहे.
रुपा कुंडलिक तारमळे

साक्षीदार १ : संघरत्ना, शिक्षिका. कमळने माझ्यासमोर सही केली. ती शुद्धीत होती. आम्ही पोचलो तेव्हा ती खोलीत नव्हती, थोड्या वेळाने मागच्या दाराने आली. उशीर का, विचारल्यावर म्हणाली की इथेच तर होते.

साक्षीदार २ : चंदर. माझ्यासमोर सही झाली. एक ओळ मला लिहायची आहे, ताईंनी परवानगी दिली. अंगण कोरडं होतं. ताई अनवाणी होत्या, आणि सही करताना त्यांचे पाय घोट्याच्या वरपर्यंत ओले होते.